तांबड्या पटक्याचा धागा

शिवांजली पहिल्यांदा आली तेव्हा मी गच्चीवर कुरडया उलटत होते. मार्चचा शेवट होता. सांगलीच्या विश्रामबागेत दुपारी बारानंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही. खालून कुणीतरी हाक मारली, "मॅडम हायत का?"

मॅडम म्हणून मला हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. निवृत्त झाले, त्यानंतर काही वर्षं कॉलनीत काकू होते, मग आज्जी झाले. वाकून पाहिलं तर चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, काखेत प्लास्टिकची फाईल.

वर बोलावलं, पाणी दिलं. तांब्या एका दमात रिकामा करून तिनं फाईल उघडली आणि एक झेरॉक्स माझ्यापुढं सरकवली.

"ही सही तुमचीच का?"

चष्मा लावला. सही माझीच होती. संयोगिता निकम, आणि खाली लांब रेघ. त्या काळी मी सहीखाली अशी रेघ ओढत असे; नवी नोकरी, नवा मान. वर टाइप केलेलं: गारगोटी दळण विभाग, कामगाराचे नाव बिराप्पा, हवेतील धूळ दर घनमीटरला ०.०७ मिलिग्रॅम, कमाल मर्यादा ०.१०. शेरा, मर्यादेच्या आत. साल १९८७.

"बिराप्पा म्हंजी माजा आज्जा," ती म्हणाली.

मी झेरॉक्स खाली ठेवली. बोटांना कुरडयांचं मीठ लागलं होतं, कागदावर त्याचे ठसे उमटले.

तिनं सगळं एका ओळीत सांगितलं, जणू पाठ केलं होतं. तिचे वडील ज्ञानू त्याच गिरणीत अठ्ठावीस वर्षं होते. गेली सहा वर्षं टीबीच्या गोळ्या खातायत. बेडका तपासला की टीबीचा जंतू कधी सापडत नाही, तरी गोळ्या चालूच. आता कराडच्या एका डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सांगितलं, हा टीबी नाही, सिलिकोसिस आहे. दगडाची धूळ जाऊन जाऊन फुप्फुस आतून दगडासारखं झालंय. साताऱ्यात वैद्यकीय समितीपुढं अर्ज केला. समितीनं विचारलं, धूळ होती याला पुरावा काय? आणि गिरणीच्या वकिलानं हा कागद पुढं केला.

"त्या गिरणीत धूळ मोजल्याचा हा एकच कागद हाय मॅडम. माहितीच्या अधिकारात मागून बगितला. दुसरा न्हाईच."

"मग तुला काय पाहिजे, बाळ?"

"नाव पायजे. आजाराचं खरं नाव." ओढणीचं टोक ती बोटाभोवती गुंडाळत होती. "टीबीचं घर म्हणून माजी सोयरीक दोनदा मोडली, ते जाऊ दे. पण आबा सा वर्सं अंगणात येगळे जेवत्यात. येगळं ताट, येगळा तांब्या. जायच्या आदी एकदा त्यांच्या कानावर पडू दे की त्यांना टीबी न्हाई. डॉक्टर म्हनत्यात दोन-तीन महिने." मग तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "तुमाला त्या दिवसातलं काय आठवतंय का?"

"या वयात कुठं सगळं आठवतं," मी म्हटलं. "फाईल ठेवून जा. बघते."

मला सगळं आठवत होतं.

माझ्या नोकरीचं नाव लोकांना कधी धड कळलं नाही. सरकारी भाषेत ते इंडस्ट्रियल हायजिनिस्ट. कारखान्यातली हवा मोजायची, धूळ, वाफ, आवाज, उष्णता मोजायची आणि माणसानं तिथं आठ तास काम केलं तर त्याचं काय होईल ते कागदावर लिहायचं. हायजीन म्हणजे स्वच्छता एवढंच माहीत असलेले मॅनेजर मला पाहिलं की उठून म्हणायचे, "या बाई, संडास तिकडच्या बाजूला. कालच फिनेल टाकलंय." आमचा ड्रायव्हर आप्पासो हसून हसून स्टिअरिंगवर डोकं ठेवायचा. "बाई, एकदा बगून तरी या की. फिनेल वाया जायला नगो."

तरी मला ती नोकरी आवडायची. उंब्रजच्या शाळेत शिकलेली, फौजी बापाची पोरगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि सरकारी जीपमधून फिरू लागली, याचं माझ्या वडिलांना माझ्याहून जास्त कौतुक होतं. सकाळी सांगलीहून निघायचं, डब्यात भाकरी आणि खर्डा, पेठनाक्याला चहा. प्रयोगशाळेतला तराजू काचेच्या पेटीत असायचा. श्वास लागला तरी काटा हलायचा, म्हणून वजन करताना मी श्वास रोखायची. तो रोखलेला श्वास मला अजून आठवतो. त्या वेळी मी फार खरी माणूस आहे असं मला वाटायचं.

१९८७ च्या उन्हाळ्यात मुंबईहून पहिल्यांदा अंगावर बांधायचे पंप आले. त्याआधी हवा मोजायचं यंत्र जमिनीवर ठेवावं लागे. हा पंप कामगाराच्या कंबरेला बांधायचा, त्याची नळी खांद्यावरून पुढं आणायची आणि तिच्या टोकाची गोल डबी गळ्याजवळ अडकवायची. डबीत रुपयाएवढी पांढरी गाळणी. माणूस जी हवा आत घेतो तीच पंपही ओढून घेतो. दिवसअखेर गाळणी काढायची, वजन करायचं. आधीचं आणि नंतरचं वजन यातला फरक म्हणजे त्या माणसाच्या छातीचा हिशेब. नियम एकच होता. पंप बांधल्यापासून सोडेपर्यंत अधिकाऱ्यानं कामगाराजवळून हलायचं नाही.

गिरणी महामार्गापासून आत, शिराळ्याच्या अलीकडं. पांढरी गारगोटी फोडून, दळून तिचं पीठ करायचं आणि ते ओतकामाच्या कारखान्यांना भट्टीच्या अस्तरासाठी पाठवायचं. माणसं त्याला पीठच म्हणायची. पापण्यांवर, मिशांवर, भाकरीच्या फडक्यावर सगळीकडं पीठ. मी गेले तो दिवस नागपंचमीचा होता. त्या दिवशी आमच्याकडं घरात कुणी चिरत नाही, तळत नाही, जात्याला हात लावत नाही. गिरणी मात्र दळत होती. मालक म्हणाले, भट्टीला कुठं सण असतो?

बिराप्पा चाळिशीचा असेल. जत तालुक्याच्या कोरड्या टापूतला धनगर. मेंढरं सोडून बायको-पोरांसकट गिरणीच्या खोल्यांत राहायला आलेला. सण म्हणून त्यानं नवा तांबडा पटका बांधला होता. त्या पांढऱ्या शेडमध्ये तेवढाच एक रंग. पंप बांधून घेताना तो श्वास रोखून उभा होता, जणू मी त्याला ताईत बांधत होते.

"बिराप्पा," मी म्हटलं, "हे फार नाजूक यंत्र आहे. सरकारचं आहे, मुंबईहून आणलंय. नीट जपा."

एवढंच म्हणाले. हे कशासाठी आहे, यात काय शिरू द्यायचं आहे, यातलं काहीही सांगितलं नाही. अडाणी माणसाला काय समजणार, असं मला वाटलं असणार. लिहायला लाज वाटते, पण तसंच वाटलं असणार.

तासाभरानं आप्पासो आला. "बाई, शिराळा हितनं हाकेवर हाय. जीप हाय. वर्सातनं एकदा नाग निघत्यात, आन तुमी हितं दगडाचं पीठ खात बसनार व्हय?"

मी पहिल्यांदा नाही म्हटलं. मग गेले.

तेव्हा जिवंत नाग असायचे. मडक्यांतून आणलेले, ट्रॅक्टरवर उभ्या पोरांच्या हातात फणा काढलेले, ढोल, गुलाल, लाह्या. पाऊस भुरभुरत होता. बायका नागापुढं भाऊ म्हणून हात जोडत होत्या. मीही जोडले, माझा भाऊ त्या वर्षी सीमेवर होता. तो दिवस मला आजही गोड वाटतो, हे त्यातलं सगळ्यात वाईट आहे. परत यायला चार वाजले.

बिराप्पा फाटकापाशी माझी वाट बघत उकिडवा बसला होता. मला बघून उठला. त्याच्या गळ्याजवळ डबी होती आणि डबीवर तांबड्या कापडाची दुहेरी घडी, सुतळीनं आवळून बांधलेली. नव्या पटक्याचं टोक फाडून त्यानं ती घडी केली होती.

"जपलं बगा बाई," तो म्हणाला. "लय पीठ उडत हुतं आज. पर एक कण बसू दिला न्हाई."

त्याच्या स्वतःच्या नाकात, कानात, दातांच्या फटींत ते पीठ होतं. यंत्र मात्र आत्ताच खोक्यातून काढल्यासारखं स्वच्छ. मी त्याला शिराळ्याहून आणलेल्या लाह्या दिल्या. त्यानं दोन्ही हातांनी घेतल्या, कपाळाला लावल्या. मी "छान" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत डबी उघडली. गाळणी जवळजवळ कोरी. कडेला तांबड्या पटक्याचा एक धागा चिकटला होता, पापणीच्या केसाएवढा. धाग्याचं वजन धरलं जाईल म्हणून मी चिमट्यानं तो अलगद काढला आणि केराच्या पेटीत टाकला. मग श्वास रोखला आणि वजन केलं. शून्य पूर्णांक शून्य सात.

पुन्हा मोजायचं तर साहेबांना कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगायचं तर शिराळा सांगावं लागलं असतं. पंप दोन दिवसांनी पुण्याला जायचे होते, आणि मी खात्यातली एकटी बाई. माझी एक चूक झाली की पुढच्या दहा बायकांना दार बंद, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटंही नव्हतं. म्हणूनच ते इतकी वर्षं पुरलं.

त्या हिवाळ्यात मुंबईत बैठक झाली. कुठल्या उद्योगांची दरवर्षी तपासणी करायची आणि कुठल्यांची गरज पडेल तेव्हा, याची यादी ठरवायची होती. धोरण म्हणतात ते असंच ठरतं; सात-आठ माणसं, चहा, आणि पुढ्यात आकडे. माझा आकडा यादीतला गारगोटीचा एकमेव आकडा होता. गिरणी 'गरज पडेल तेव्हा'च्या रकान्यात गेली. त्यानंतर कुणाला गरज पडली नाही. मी मात्र पुढं खात्याच्या समितीवर बावीस नियमांचे मसुदे लिहिले. त्यातला एक असा होता की नमुना घेताना अधिकाऱ्यानं जागा सोडू नये. तो मी स्वतः दोनदा अधोरेखित केला होता.

शिवांजली गेल्यावर आठ दिवस मी फाईल देव्हाऱ्याखालच्या कपाटात ठेवली. पुण्याहून राजवर्धनचा, माझ्या मुलाचा फोन आला तेव्हा त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आई, सदतीस वर्षं झाली. चूक त्या माणसानं केली, त्यानं कापड बांधलं. तू आकडा आला तो लिहिलास." त्याचं प्रेम होतं त्यात. नवव्या दिवशी मी एसटी धरून उंब्रजला, फाईलवरच्या पत्त्यावर गेले.

ज्ञानूचं घर बाजारपेठेमागं, दोन खोल्या, पुढं अंगण. काम सुटलं तशी गिरणीची खोलीही सुटली, म्हणून बायकोच्या माहेरी येऊन राहिलेले. तो अंगणात कडुनिंबाखाली खाटेवर बसला होता, पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर. चोपन्नाचा माणूस सत्तरीचा दिसत होता. नाकाला नळी, खाटेखाली सिलिंडर. नळी खांद्यावरून आली होती, पंपाच्या नळीसारखी.

त्याची बायको साळूबाई बाहेर आली. कोरडी, काटक बाई. "ह्या व्हय त्या बाई?" तिनं शिवांजलीला विचारलं. मग मला, "बसा. लांब बसा जरा त्यांच्यापसनं. टीबी हाय."

"न्हाई गं आये," शिवांजली चिडून म्हणाली.

"तू डाक्टर हाईस? कागूद येऊ दे, मग बगू." साळूबाई आत गेली.

ज्ञानू हसला. हसताना त्याला धाप लागली, मग ती बसेपर्यंत आम्ही सगळे थांबलो. दोन-दोन शब्दांनी तो बोलायचा.

"तुमाला बगितलंय मी, बाई. नागपंचमीला. तुमी लाह्या दिलेल्या. आमी भावंडांनी खाल्ल्या." दम घेतला. "हिच्या आज्जाला, म्हंजी आमच्या बापाला, लय अभिमान त्याचा. सरकारनं यंत्र बांदलं आपल्याला. पंच्यान्नवला वारला. त्याला बी टीबीच म्हनले."

"आणि तू कधी लागलास गिरणीत?"

"ब्याण्णवला. मी जात नव्हतो. फौजेत जायचं हुतं. छातीच्या मापात बसलो बी असतो." पुन्हा धाप. "बाप म्हनला, आरं जा. बाईनं यंत्र लावून बगितलंय. हवा चांगली हाय. हापिसात कागूद लावलाय भितीला, काचंत."

कडुनिंबाचा मोहर गळत होता, खाटेवर, त्याच्या मांडीवर. मला त्याला तेव्हाच सांगायचं होतं. त्यासाठीच तर एसटीनं आले होते. साळूबाईनं चहा आणला. मला कपात, त्याला अॅल्युमिनियमच्या वेगळ्या पेल्यात, तोही खाली ठेवून, मागं सरून. त्यानं तो वाकून उचलला. आणि मी म्हटलं, "साताऱ्याच्या सुनावणीला मी येते." एवढंच म्हणून चहा प्यायले.

सुनावणी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात होती. ज्ञानूला जिना चढता येईना म्हणून समितीच खाली अभिलेखाच्या खोलीत येऊन बसली. चहूबाजूंनी लाल कापडात बांधलेले गठ्ठे, मध्ये टेबल. समितीचे प्रमुख डॉक्टर होते, शांत, थकलेले. आमच्या खात्याकडून सृष्टी नावाची तरुण अधिकारी होती. ती उठून माझ्या पाया पडली. "मॅडम, तुमचे मसुदे वाचून मी परीक्षा दिली." मला खुर्चीत नीट बसता येईना.

गिरणीचा वकील नम्र होता. त्यानं माझा कागद वाचून दाखवला आणि म्हणाला, "स्वतः तज्ज्ञ बाई इथं आहेत. हा अहवाल आपलाच ना?"

"माझा आहे," मी म्हटलं. "पण तो आकडा खरा नाही."

डॉक्टरांनी मान वर केली. मी सांगायला सुरुवात केली. पंप, गाळणी, पटका, दुहेरी घडी. गाळणीच्या तोंडावर कापड होतं, त्यामुळं धूळ आत गेलीच नाही.

वकिलानं मला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग पेनाचं टोपण लावत तो म्हणाला, "म्हणजे मोजणीत ढवळाढवळ कामगारानं केली. अर्जदाराच्या वडिलांनी. तसं नोंदवून घ्यावं. त्याचा दोष गिरणीला कसा लागेल?"

मी ज्ञानूकडं पाहिलं. तो भिंतीशी खुर्चीत होता, पुढं वाकलेला. त्याचं तोंड उघडं होतं, ते काही धापेमुळंच नाही. तो माझ्याकडं बघत नव्हता, जमिनीकडं बघत होता. हळूच म्हणाला, "बापानं झाकलं व्हय?" शिवांजलीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "म्हंजी आमच्या बापानंच…"

राजवर्धननं सांगितलेलं वाक्य माझ्यापुढं तयार होतं. तेही न बोलता नुसतं गप्प बसले असते तरी चाललं असतं. मोजणी चुकीची एवढं सिद्ध झालंच होतं. घरी जाऊन मी जेवले असते.

"नाही," मी म्हटलं. "लिहून घ्या. त्याचा दोष नाही. मी त्याला 'जपा' म्हणून सांगितलं, यंत्र कशासाठी ते सांगितलं नाही. नियमानं मला त्याच्याजवळ बसायचं होतं. मी नागपंचमी बघायला शिराळ्याला गेले. परत आले तेव्हा कापड माझ्या डोळ्यांसमोर बांधलेलं होतं. त्यानं स्वतः मला सांगितलं की एक कण बसू दिला नाही. दुसऱ्या दिवशी गाळणीवर त्याच्या पटक्याचा धागा होता, तो मी चिमट्यानं काढून टाकला. आकडा खोटा आहे हे वजन करायच्या आधी मला माहीत होतं. माहीत असून मी सही केली. आणि त्याच आकड्यावर गिरणीची तपासणी बंद झाली, ती बंद करणाऱ्या बैठकीतही मीच होते."

सृष्टीनं मान खाली घातली होती. तिनं माझ्याकडं पुन्हा पाहिलं नाही, निघेपर्यंत.

डॉक्टर म्हणाले, "बाई, हा अहवाल आम्ही बाद करतो. पण मग पुरावा म्हणून हातात काहीच राहत नाही. दळणाची यंत्रं तीच आहेत का?"

"तीच," शिवांजली म्हणाली. "रंग नवा हाय फकस्त."

"मग नवी मोजणी करा. आकडा येऊ दे, त्यावर निर्णय देऊ." मोजणीची तारीख दिली, तीन आठवड्यांनंतरची.

बाहेर गाडीत ज्ञानूला बसवत होते. मी जवळ गेले. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. तोच बोलला. "तवा सांगायचं हुतं, बाई." धाप. "मी गेलोच नसतो गिरणीत." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग यायलाही छातीत हवा लागते. गाडी गेली.

मोजणीला सृष्टीनं मला बोलावलं नव्हतं. मी तिच्या ऑफिसात जाऊन बसले आणि म्हटलं, मला फक्त उभं राहायचंय. तिनं एक मुखपट्टी माझ्या हातात दिली.

शेड तीच. पत्रा बदललेला, बाकी सगळं तेच. दारावर आता 'सुरक्षितता सर्वप्रथम' लिहिलेलं होतं, त्यावरही पीठ. पंप आता मोबाईलएवढे झालेत. बाळासो नावाच्या कामगाराला सृष्टीनं तो बांधला. त्यानं विचारलं, "मॅडम, ह्याच्यावर प्लास्टिक लावू का? खराब होईल, महाग असंल."

सृष्टी काही बोलण्याआधीच मी म्हटलं, "अजिबात नको. त्याला धूळ खाऊ दे. तू जेवढी खातोस तेवढी त्याच्यात गेली पाहिजे. तुझ्या छातीत काय जातं ते आम्हाला मोजायचंय."

तो माझ्याकडं बघत राहिला. "आन मग माज्या छातीचं काय?" म्हणाला.

आठ तास मी त्याच्यापासून पाच हातांवर स्टुलावर बसले. पाय सुजले. सृष्टीनं दोनदा घरी जायला सांगितलं. सुट्टी झाल्यावर तिनं डबी काढून उजेडात धरली. गाळणी राखाडी झाली होती, साईसारखा थर.

ज्ञानू त्याआधीच, मोजणीच्या चार दिवस आधी, गेला होता. सकाळी दहाच्या सुमाराला, अंगणात, खाटेवर बसल्या बसल्या. मला शिवांजलीचा फोन आला तेव्हा मी तिला म्हटलं, मी येते. ती म्हणाली, "आत्ता नगो, आज्जी. कागूद आला की या." आज्जी म्हणाली ती. पण येऊ नको असंही म्हणाली.

आकडा आला. दोन पूर्णांक चार. मर्यादेच्या चोवीस पट. गिरणीचा दळण विभाग बंद करण्याची नोटीस निघाली, वकिलानं तिच्यावर स्थगिती आणली. तो खटला अजून चालू आहे आणि गिरणीही चालू आहे. बाळासो अजून तिथंच आहे, मी चौकशी केली. समितीचा निर्णय जूनमध्ये आला. एक पान. अर्जदार मयत. आजार सिलिकोसिस, कामामुळं झालेला. क्षयरोगाचा पुरावा आढळत नाही.

मी प्रत घेऊन उंब्रजला गेले. अंगणात खाट उभी करून ठेवली होती. शिवांजलीनं कागद आईला मोठ्यानं वाचून दाखवला. साळूबाई उंबऱ्यात बसून ऐकत होती. 'आढळत नाही' ला तिनं हात वर केला. "त्येवढं परत वाच."

शिवांजलीनं परत वाचलं.

"म्हंजी नव्हताच."

"नव्हता, आये."

साळूबाई उठली. अंगणाच्या कोपऱ्यात, धुण्याच्या दगडामागं, एक ताट आणि एक तांब्या उपडा घातलेला होता. ताटाच्या कडेला खिळ्यानं फुली मारलेली, चुकून दुसऱ्या ताटांत मिसळू नये म्हणून. ती ते ताट घेऊन बसली आणि राखेनं घासू लागली. बराच वेळ घासत होती. "सा वर्सं," ती ताटाशीच बोलल्यासारखी म्हणाली, "सा वर्सं मी ह्येला हात लावला न्हाई. त्येच उटून धूत हुते. शेवटी शेवटी वाकता येत न्हवतं, तरी म्या लांबनं पानी वतायची."

शिवांजली रडत आत गेली.

साळूबाईनं ताट धुतलं, पदरानं पुसलं आणि आत जाऊन त्यात भाकरी, पावट्याची आमटी आणि कांदा घेऊन आली. माझ्यासमोर ठेवलं. आपण समोर पाय दुमडून बसली.

"जेवा बाई," ती म्हणाली. "लांबनं आलायसा."

माझी भूक मेली होती. पण ती उठत नव्हती, माझ्यावरची नजर काढत नव्हती, आणि मला तिथून हलायचा हक्क नव्हता. बोटांखाली ती फुली लागत होती. मी एकेक घास घेत गेले, ताट रिकामं होईपर्यंत. मग उठून धुण्याच्या दगडापाशी गेले आणि वाकून ते धुतलं.

साळूबाईनं ते माझ्या हातातून घेतलं, आत नेलं आणि घरातल्या इतर ताटांत घातलं. आवाज आला तेवढाच.